झालं माझं, बोल

कंपालात पाऊस बहुतेक वेळा व्हिक्टोरिया सरोवरावरून येतो, आणि त्याच्या आधी विजा येतात. माझ्या खोलीवर पत्रा आहे, इथे त्याला मबाती म्हणतात. त्यावर पहिला थेंब वाजायच्या आत मला जाग येते. घरमालकीणबाईंना वाटतं, हा पाहुणा विजेला भितो. भीती नाही ती. त्या कडकडाटाआडून कुणी बोलतंय का, हे ऐकायची कानाला सवय लागली आहे.

मी सिग्नल्सचा माणूस. जबलपूरला शिकलो, पेन्शनवर आलो आणि टॉवरच्या कामासाठी युगांडात आलो. पण आफ्रिका पहिल्यांदा पाहिली ती २०१२ साली, शेजारच्या काँगोत, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर. तिथल्या उत्तर किवू प्रांतात तेव्हा भारतीय ब्रिगेड होती आणि तिचं मुख्यालय गोमा शहरात होतं.

गोम्यामागे न्यिरागोंगो ज्वालामुखी उभा आहे. जानेवारी २००२ मध्ये त्याचा लाव्हा थेट वस्तीतून वाहत गेला. त्याच काळ्या दगडांची कुंपणं लोकांनी रचली आहेत. तो दगड पाहिला आणि पोटात गोळा आला. आपल्या मराठवाड्याचा काळा दगडही लाव्ह्याचाच, फक्त साडेसहा कोटी वर्षं जुना. आमच्या आजोळच्या भिंती त्याच दगडाच्या, मातीत रचलेल्या.

आजोळ औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून गाव झोपलं असताना, त्या भिंती खाली आल्या. मी दहा वर्षांचा, नांदेडला. फोन लागत नव्हते. माय चार दिवस उंबऱ्यात बसून होती. वडील मिळेल त्या वाहनाने तिकडे गेले आणि मामा जिवंत असल्याची खबर घेऊन आले. अंगणात निजल्यामुळे ते वाचले होते. वडिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली. लिंबाच्या झाडाला तार बांधून एक माणूस एका पेटीशी बसला होता, लोकांची नावं एकेक करून बोलत होता, आणि पलीकडून कुणीतरी ती परत म्हणून खात्री करत होतं. हौशी रेडिओवाले होते ते. मी वायरलेसमध्ये गेलो तो त्या लिंबाच्या झाडामुळे.

गोम्यातलं माझं काम म्हणजे ऐकणं. मासिसी, रुत्शुरूकडच्या डोंगरांत आपल्या चौक्या होत्या. व्हीएचएफ सेटला डोंगर आडवा आला की बोलणं खुंटतं. मग उंचावरच्या रिपीटरचा आधार घ्यायचा. एचएफचं तसं नाही. त्याच्या लहरी वर जातात, आयनोस्फिअरवरून वळून डोंगरापल्याड उतरतात. रात्री ते वरचं छत बदलतं, म्हणून फ्रीक्वेन्सी खाली आणावी लागते. पूर्व काँगो जगातल्या सर्वांत जास्त विजा पडणाऱ्या प्रदेशांपैकी एक. पंचमीला ज्वारीच्या लाह्या फुटतात ना कढईत, तसा त्या विजांचा आवाज तासन्‌तास हेडफोनमध्ये. दोन लाह्यांच्या मधल्या फटीत चौकीवरचा पोरगा बोलतो. तो काय म्हणाला ते कळायच्या आधी तो कसा आहे हे कळतं: श्वास लागलाय, ताप आहे, की घरची आठवण आली आहे.

सोबत एक सरदारजी होते. मी नांदेडचा म्हटल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. ‘हजूर साहिब!’ एवढंच म्हणाले. माझ्यासाठी नांदेड म्हणजे जुन्या मोंढ्यातली गर्दी आणि गोदावरीचा घाट. त्या दिवसापासून मी माझ्या गावाचं नाव जपून घ्यायला शिकलो.

१३ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झालं. २० तारखेला एम-२३ चे बंडखोर गोम्यात शिरले. त्या दिवसांत सेट सोडला नाही. दर तासाला एकेका चौकीला हाक, ‘आवाज कसा येतो, ओव्हर’, आणि उत्तर आलं की लॉगबुकात वेळ. सगळ्यांची उत्तरं येत होती. पण बाहेर डोक्यावर गाठोडी घेऊन बायका चालल्या होत्या, पाठीला मुलं बांधलेली. त्यांची खुशाली लिहायला माझ्या लॉगबुकात रकाना नव्हता. ते मला आजही सलतं.

आणि नांदेडला माय पुन्हा उंबऱ्यात. पुतण्याने पेपरात गोम्याचं नाव वाचून दाखवलं होतं. अख्ख्या ब्रिगेडची खुशाली मी ऐकत होतो, आणि तिला माझी कळत नव्हती. चौथ्या दिवशी फोन लागला. आवाज उशिरा पोचायचा, त्यामुळे आम्ही दोघं एकाच वेळी बोलायचो आणि दोघंही गप्प व्हायचो. शेवटी मी म्हटलं, ‘माय, तुझं बोलून झालं की झालं म्हण. मग मी बोलतो.’

आता फोन स्वच्छ लागतो. तिची सवय मात्र गेली नाही. काल रात्रीही पत्र्यावर पाऊस कोसळत असताना तिचा फोन आला. सोयाबीनचा भाव सांगितला, मामांच्या गुडघ्याचं सांगितलं, जेवलास का विचारलं. मग जरा थांबली.

‘झालं माझं. बोल.’