राख, रंग आणि पाणी

आपल्या वसतिगृहात चुलीतील राख कधी वाया जात नसे. तिने ताटे घासली जात, उरलेली परसातील वाफ्यांत पडे. माजी विद्यार्थ्यांच्या बोटांना तिचा खरखरीत स्पर्श अजून आठवत असेल. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला मात्र अलीकडे राखेचे रंगीत सांडपाण्याशी असलेले नाते अधिक विचारप्रवृत्त करते.

१८५६ साली लंडनमध्ये १८ वर्षांच्या विल्यम पर्किनला दगडी कोळशाच्या डांबरातील द्रव्यांपासून जांभळा रंग गवसला. हे डांबर म्हणजे गॅस कारखान्यांचा टाकाऊ माल. कृत्रिम रंगांचा जन्म असा टाकाऊतून झाला. १८९७ मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि आपल्याकडील निळीची शेती ओसरली. रंग स्वस्त झाले. भार नद्यांवर पडला.

इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीत हा प्रश्न पंचगंगेच्या काठी उभा आहे. कापडावर न बसलेला रंग धुण्याच्या पाण्यात उतरतो. असे पाणी प्रक्रियेविना नदीत गेले, तर सूर्यप्रकाश अडतो, जलवनस्पतींचे अन्न तुटते. काही अॅझो रंगांच्या विघटनातून कर्करोगकारक द्रव्येही तयार होतात.

येथे राख उपयोगी पडू शकते. भट्टीत जाळलेल्या कचऱ्याच्या वजनाचा सुमारे पाव हिस्सा राख म्हणून उरतो. तिच्या सच्छिद्र कणांना आणि न जळलेल्या कार्बनला रंगाचे रेणू चिकटतात. यालाच अधिशोषण म्हणतात. लोनारी कोळसा द्रावणातील रंग शोषतो, हे लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ मध्येच दाखविले होते. साखर कारखान्यांतील बगॅसची राखही या कामी येते. महागड्या सक्रिय कार्बनला हा स्वस्त पर्याय आहे.

परंतु स्वस्त म्हणजे निर्धोक नव्हे. कचराभट्टीच्या धुरातून गोळा होणाऱ्या उडत्या राखेत शिसे आणि कॅडमियम असू शकते; रंग काढताना तेच पाण्यात उतरले, तर साधले काय? शिवाय रंग शोषलेली राख शेवटी टाकायची कोठे? इतिहास सांगतो, की नकोसे ते नेहमी गावकुसाबाहेर, ज्यांचा आवाज क्षीण त्यांच्या दारी टाकले गेले.

आपले अनेक विद्यार्थी आज अभियंते आहेत, अधिकारी आहेत. त्यांच्याकडे माझी एवढीच मागणी आहे : पाणी नितळ दिसले म्हणून समाधान मानू नका. त्यातील धातू तपासा, आणि राखेचा ढीग कोणाच्या वस्तीशेजारी रचला जातो, हेही विचारा.