सात तास पुढचे गाव

मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे आगगाडीचे अंतर ९,२८८ किलोमीटर आहे, असे नुसते वाचून आपल्याला काही उमगत नाही. आपल्या पद्धतीने हिशेब करावा. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जावे, परत यावे, पुन्हा जावे, पुन्हा यावे. तरी हजारावर किलोमीटर उरतातच! विमानाला आठ-साडेआठ तास पुरतात, गाडीला सहा दिवसांहून अधिक. २०१६ च्या मे महिन्यात, कॉलेजच्या सुट्टीत, मी गाडीनेच गेलो. घरच्या मंडळींनी वेड्यात काढले, ते रीतीला धरूनच झाले.

या रस्त्याशी आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. रशियाचा युवराज निकोलस १८९० च्या डिसेंबरात मुंबईस उतरला होता. पुढे फिरत फिरत तो समुद्रमार्गे व्लादिवोस्तोकला पोचला आणि १८९१ च्या मे महिन्यात तिथे या लोहमार्गाचा मुहूर्त त्याच्या हस्ते झाला. परतताना मात्र गाडी कुठली! घोडागाड्या आणि नदीतल्या आगबोटी करीत राजधानी गाठायला स्वारीला दोन महिन्यांवर लागले. अमूर नदीवरचा पूल १९१६ साली झाला, तेव्हा कुठे रशियाच्याच भूमीवरून सलग रूळ जोडले गेले.

मी गेलो तेव्हा तिकडच्या सगळ्या स्टेशनांवर मॉस्कोचीच वेळ चाले; २०१८ च्या ऑगस्टपासून तो रिवाज बदलला. बाहेर टळटळीत दुपार आणि स्टेशनच्या घड्याळात सकाळ! माझे घड्याळ पुण्याचे. समोरच्या बाकावरच्या आजीबाईंचे तिसरेच. मॉस्कोपासूनच सात तास पुढे. थोडे इंग्रजी जाणणाऱ्या एका विद्यार्थ्याने उलगडा केला. त्यांचा मुलगा व्लादिवोस्तोकला बोटीवर नोकरीस. अकरा वर्षांत भेट नाही. विमानाचे नाव काढले की आजीबाई छातीवर क्रूस करीत. डब्याच्या टोकाशी उकळत्या पाण्याचे मोठे भांडे असते. तिथून चहा आणायचा, घोट घ्यायचा आणि घड्याळ पाहून म्हणायचे, ‘आता तो जेवत असेल.’ ‘आता निजला असेल.’ स्टेशनावर तो येईल ना, हेही त्या विद्यार्थ्याला दिवसातून चारदा विचारीत. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक!

त्युमेन पुण्याच्या अर्धा तास मागे, ओम्स्क अर्धा तास पुढे. पुण्याची वेळ मध्येच कुठे रुळांखाली गेली, कळलेच नाही. त्या रात्री मला घरची फार आठवण झाली.

बैकाल सरोवराच्या काठाने गाडी कितीतरी वेळ धावते. १,६४२ मीटर खोल पाणी! सगळा डबा खिडक्यांना चिकटला. आजीबाईंनी एकदा पाहिले न पाहिले आणि मुरांब्याच्या बरण्या पुन्हा कापडात गुंडाळायला घेतल्या.

व्लादिवोस्तोकच्या फलाटावर ९२८८ आकडा कोरलेला एक खांब आहे. उतारूंची तिथे छायाचित्रांसाठी झुंबड उडाली. खांबापलीकडे पन्नाशीचा, टक्कल पडलेला एक गृहस्थ टोपी हातात घेऊन उभा होता. आजीबाईंनी आधी बरण्या त्याच्या हाती दिल्या, मग त्याचा चेहरा ओंजळीत धरला.