गडहिंग्लजच्या पश्चिमेला : हत्ती आणि त्याचे रान

गडहिंग्लज म्हटले की लोकांना मिरचीची बाजारपेठ आठवते, हिरण्यकेशी नदी आठवते आणि पोरांना फुटबॉल आठवतो. हत्ती कुणाला आठवत नसे. आमच्या वाडवडिलांनी हत्ती पाहिला तो सर्कशीत, नाहीतर मिरवणुकीत. आता आजरा आणि चंदगड या शेजारच्या तालुक्यांत रानहत्ती फिरतो. तिकडचा शेतकरी बाजाराला आला की उसाच्या गोष्टीबरोबर हत्तीची खबरही सांगून जातो.

हा हत्ती आला कोठून? २००२ साली कर्नाटकच्या जंगलातून काही हत्ती सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात आले. नंतरच्या वर्षांत कोल्हापूर जिल्ह्याच्या या कोपऱ्यातही त्यांची ये-जा सुरू झाली. तिकडचे सलग जंगल धरणे, खाणी आणि रस्त्यांनी तुटत गेले आणि इकडे ऊस, केळी, भात आयते उभे होते. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो. पोटासाठी गाव सोडणे काय असते, हे आपल्या माणसांना वेगळे सांगायला नको.

हत्ती आला की हल्ली आधी मोबाइल निघतात. मग फोटो फिरू लागतात. चौकटभर हत्ती, सोंड, सुळे, बाकी काही नाही. असा फोटो पाहून हा हत्ती आजऱ्याचा की सर्कशीतला, हेसुद्धा कळत नाही. तो कोणत्या रानातून आला, कुणाच्या शेतात उतरला, पाणी कुठे प्याला, यातले काहीच त्यात नसते. म्हणून आम्ही ठरवले की हत्ती लहान आणि रान मोठे असा फोटो कसा निघतो ते पाहायचे.

गडहिंग्लजहून आजऱ्याच्या रस्त्याला लागले की वीसेक किलोमीटरांत जमीन आपला रंग बदलते. आधी नदीकाठचा ऊस आणि मोकळे माळ. पुढे डोंगर जवळ येतात, माती तांबडी होते. भाताची खाचरे, उतारावर नाचणी, मग काजू आणि त्यामागे दाट जंगल. कुठे ऊस आणि जंगल यांच्यात फक्त एक बांध आहे. हत्तीची सारी गोष्ट त्या बांधावर उभी आहे. फोटोत तो बांध आला पाहिजे.

आम्हाला त्या फेरीत हत्ती दिसला नाही. दिवसा तो सावलीला जंगलात राहतो, रात्री शेतात उतरतो. पण माग दिसला. ओल्या खाचरात परातीएवढी पावले, मोडलेला ऊस आणि जंगलाकडे गेलेली वाट. आमच्यापैकी एकाने नुसत्या पावलाचा फोटो काढला. दुसऱ्याने दोन पावले मागे सरून, खाली बसून काढला. त्यात पुढे पाऊल, मध्ये आडवा झालेला ऊस आणि मागे जंगल आले. पहिल्या फोटोत खड्डा दिसतो, दुसऱ्यात हत्ती चालून गेलेला दिसतो.

याला महागडा कॅमेरा लागत नाही. लांबचे जवळ आणणारी मोठी लेन्स आपल्याला परवडणार नाही, पण प्रत्येक मोबाइलची मुख्य लेन्स वाइडच असते. एवढे मात्र लक्षात ठेवावे. बोटांनी चित्र मोठे करू नये. त्याने हत्ती जवळ येत नाही, नुसता फोटो खराब होतो. हत्ती मधोमध न ठेवता बाजूला घ्यावा आणि तो ज्या दिशेला चालला आहे तिकडे जागा मोकळी सोडावी, म्हणजे तो कुठे निघाला ते कळते. हत्ती अंगावर माती घेतो, त्यामुळे गर्द झाडीपुढे तो दिसतच नाही. मागे पाणी, गवत किंवा आभाळ असेल तर काळी आकृती उठून दिसते. उंच बांधावरून काढले तर जमीन जास्त दिसते, खालून काढले तर आभाळ. सकाळचे तिरपे ऊन सगळ्यात चांगले.

वाइड लेन्समध्ये लांबचा हत्ती दाण्याएवढा दिसतो आणि इथेच घात होतो. तो मोठा दिसावा म्हणून माणूस पुढे सरकत जातो. हत्तीची नजर अधू असली तरी नाक तिखट आहे, आणि तो माणसापेक्षा जोरात पळतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या मोर्ले गावी एका वृद्ध शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला. तो बिचारा फोटो काढायला गेला नव्हता, आपल्या कामाला निघाला होता. मग आपण हौसेपायी जीव का घालवावा? हत्ती दाण्याएवढाच दिसू द्या. तो आपल्या जागी आहे आणि आपण आपल्या जागी, हे त्या दाण्यातच दिसते. हत्ती कुठे उभा आहे ते गटागटांत पाठवू नये, वनखात्याला कळवावे. गर्दी आणि आरडाओरडा झाला की हत्ती बिथरतो, आणि त्याचे भोगावे लागते रात्री राखणीला बसणाऱ्याला.

अशा फोटोचा रोकडा उपयोगही आहे. हत्तीने केलेल्या पीकनुकसानीची भरपाई सरकार देते, पण त्याला पंचनामा लागतो. वनखात्याला लगेच खबर द्यावी आणि माग पुसायच्या आत फोटो काढून ठेवावेत. एक पूर्ण शेताचा, बांध आणि जंगल दिसेल असा, आणि एक पावलाचा, शेजारी चप्पल ठेवून, म्हणजे माप कळते. हत्तीच्या पुढच्या पावलाचा घेर दोरीने मोजून दुप्पट केला की खांद्यापर्यंतची उंची साधारण निघते. हे मुलांनाही शिकवावे, त्यांना मौज वाटेल. मात्र ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या मजुराचा बुडालेला रोज कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. निदान फोटोत तरी तो माणूस यावा.

रानासकट हत्ती दाखवण्याची ही रीत काही नवी नाही. अजिंठ्याच्या १० व्या लेण्यात सुमारे २००० वर्षांपूर्वी रंगवलेले छद्दंत जातक पाहा. चित्रकाराने एकटा हत्ती काढून काम उरकले नाही. कळप काढला, झाडे काढली, कमळांचे तळे काढले. त्याच भिंतीवर पुढे शिकारी येतो आणि सुळे नेले जातात. पण आधी हत्तीचे घर पाहिले असते, म्हणून त्याचे काय गेले ते पाहणाऱ्याला समजते. पुढच्या वेळी अजिंठ्याला सहल जाईल तेव्हा मुलांना या भिंतीपुढे थोडा वेळ उभे करा. रंग पुष्कळ उडाले आहेत, तरी हत्ती ओळखू येतात.

गडहिंग्लजच्या पश्चिमेला हत्तीलाही पोट आहे आणि शेतावर राबणाऱ्यालाही. एकट्या हत्तीचा फोटो पाहणारा म्हणतो, केवढा मोठा! ऊस, बांध, जंगल आणि राखणीचा माळा ज्या फोटोत आहे, तो पाहणारा विचारतो, आता या दोघांनी राहायचे कसे? हा प्रश्न विचारणारी माणसे वाढली पाहिजेत. त्यासाठी फोटो काढताना दोन पावले मागे सरावे.