सिंगापूर ते न्यूयॉर्क : एका दोऱ्याचं अंतर

दोस्तांनो, शाळेतला किंवा घरातला पृथ्वीचा गोल जवळ ओढा आणि शिवणाच्या डब्यातला दोरा घ्या. आज आपल्याला सिंगापूरहून न्यूयॉर्कला जायचंय, तेही मधे कुठेही न उतरता!

आधी भिंतीवरचा नकाशा पाहा. त्यावर सरळ रेघ मारली तर ती श्रीलंका, अरबस्तान, आफ्रिकेचं वाळवंट असं करत अटलांटिक ओलांडते. आता गोलावर दोरा ताणून धरा बरं. दोरा कुठे गेला? चक्क उत्तर ध्रुवाकडे! सपाट कागद आपल्याला असा फसवतो.

गंमत अशी की, सिंगापूर १०४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम. बेरीज १७८. म्हणजे दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना. मग अंतर तुम्हीच काढा. सिंगापूर १ अंश उत्तरेला, तिथून ध्रुव ८९ अंश. न्यूयॉर्क ४१ अंशावर, ध्रुवापासून ४९ अंश. एकूण १३८. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरा. उत्तर येतं १५,३१८ किलोमीटर! काश्मीर ते कन्याकुमारी या अंतराच्या पावणेपाचपट. खऱ्या विमानाचं अंतरही याच्या अगदी जवळ आहे.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने सतरा तास पुरायला हवेत. पण वेळापत्रकात साडेअठरा तासांच्या आसपास असतात. शिवाय विमान रोज दोऱ्याच्या वाटेने जातच नाही. जपान आणि पॅसिफिकवर खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. ते पाठीशी मिळणार असतील तर वैमानिक लांबची वाट धरतात. लांबची, पण लवकर पोचवणारी!

सिंगापूर एअरलाइन्सने ही सेवा २००४ मध्ये सुरू केली होती. तेव्हाचं चार इंजिनांचं विमान इंधन फार खायचं. २०१३ मध्ये ती बंद पडली आणि २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या एअरबस ए-३५० विमानाने पुन्हा सुरू झाली. या विमानात १ लाख ६५ हजार लिटर इंधन मावतं, म्हणजे सुमारे १३० टन. प्रवासी मात्र फक्त १६१. सगळी माणसं आणि त्यांच्या बॅगा मिळून वीस टनही भरणार नाहीत. इंधनाची उडती टाकीच म्हणा ना! वैमानिक चौघे असतात, आळीपाळीने झोपतात.

उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ सिंगापूरच्या बारा तास मागे असतं. समजा, रात्री बाराला निघालात, तर साडेअठरा तासांनी तिथे त्याच दिवसाची सकाळ असेल, साडेसहाची.

आता एक गणित तुमच्यासाठी. मुंबई १९ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. अमेरिकेतलं डेन्व्हर शहर ४० अंश उत्तर, १०५ अंश पश्चिम. अंतर काढा पाहू. साडेतेरा हजारांच्या जरा आत आलं, तर बरोबर!