हिब्रूचे पंतोजी

अलिबागला जाणाऱ्या मुंबईकराने दोन दिवसांत काय काय पाहावे, याची यादी आता ठरून गेली आहे. ओहोटीची वेळ साधून कुलाब्याच्या किल्ल्यात जायचे, कनकेश्वराच्या पायऱ्या चढताना धापा टाकायच्या, नागावच्या वाडीत शहाळे फोडायचे आणि परतताना पांढऱ्या कांद्यांची माळ पिशवीत टाकून मांडव्याची लाँच गाठायची! या यादीत नवगावचे नाव सहसा नसते. थळ-किहीमच्या शेजारचे हे लहानसे गाव. नारळी-पोफळी, वाळत घातलेली जाळी, खाऱ्या वाऱ्याचा वास. किनाऱ्यावरच्या इतर गावांत असते ते सारे येथे आहे. पण येथे एक जुने कबरस्तान आहे आणि तेथे एक स्मारकस्तंभ उभा आहे. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातले मराठी बोलणारे यहुदी, या जागेला आपले मूळस्थान मानतात.

त्यांची परंपरा सांगते की, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते किनाऱ्याला लागली, ती येथे पुरली. सामानसुमान गेले, त्याबरोबर धर्मग्रंथही गेले. काळाविषयी इतिहासकारांत एकमत नाही. पण पुढचा भाग साऱ्या रायगड जिल्ह्याच्या ओळखीचा आहे. या लोकांनी गावोगाव तेलाचे घाणे घातले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. झिराडचे ते झिराडकर, किहीमचे ते केहीमकर, नागावचे ते नागावकर झाले. अंगावर नऊवारी लुगडे, तोंडात मराठी, जेवणात भात आणि मासळी. नुसत्या आडनावावरून त्यांना वेगळे ओळखण्याची सोय उरली नाही!

ज्याचे पोट मास्तरकीवर चालते, त्याला या कथेतल्या गलबतापेक्षा पुढच्या प्रश्नाचे कुतूहल अधिक. पोथी बुडाली, पुरोहित नाही, शाळा नाही, शिकवणारा कोणी नाही. मग धर्म शिल्लक राहिला कसा? उत्तर स्वयंपाकघरात सापडते. 'शेमा' ही ईश्वराच्या एकत्वाची एक छोटी प्रार्थना तेवढी त्यांच्या तोंडी राहिली. बारसे असो, लग्न असो की मर्तिक असो, तीच म्हणायची. मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची. शनिवारी चूल पेटवायची नाही. ज्या माशाला पर आणि खवले आहेत तोच मासा खायचा. आणि सण? सणांची हिब्रू नावे विसरली, पण सण राहिले. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. उपवास करून, दार लावून घरात बसायचा तो 'दारफाळणीचा सण'. आंबट रसाचे मडके झाकून ठेवायचा तो 'अनाशी ढाकायचा सण'. हे मडके का झाकायचे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. आजी झाकत होती म्हणून आई झाकी, आई झाकत होती म्हणून मुलगी झाकी.

ते का झाकायचे हे सांगणारा पहिला पंतोजी म्हणजे डेव्हिड राहबी. तो कोचीनहून आला असे म्हणतात. समाजाची परंपरा त्याला कित्येक शतके मागे नेते, तर काही संशोधकांच्या मते तो अठराव्या शतकात डच कंपनीच्या व्यवहारात असलेला कोचीनचा राहबी होय. तो कोणत्याही शतकातला असो, त्याची गोष्ट अस्सल शिक्षकाची आहे. हे तेली खरोखर यहुदी आहेत की काय, हे त्याला पाहायचे होते. त्याने बायकांपुढे निरनिराळ्या माशांची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर-खवल्यांचे मासे तेवढे उचलले आणि बाकीचे बाजूला सारले. परीक्षा संपली! विद्यार्थ्याला काय येत नाही हे विचारण्याआधी त्याला काय येते हे पाहावे, असे आजच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवतात. राहबीला ते कोणी शिकवले नव्हते.

पण त्याचे खरे शहाणपण पुढेच आहे. त्याने सगळ्या गावांना शिकवण्याचा खटाटोप केला नाही. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतले तीन तरुण निवडले, त्यांना हिब्रू वाचायला आणि धर्मविधी करायला शिकवले, आणि त्यांच्यावर बाकीच्यांचा भार टाकला. हेच 'काजी'. पुढे त्यांच्या घराण्यांत हे काम वंशपरंपरेने चालले. ते गावोगाव फिरत, सुंता करीत, लग्ने लावीत, तंटे तोडीत. शिक्षक तयार करण्याचा हा कोकणातला पहिला वर्ग. पटावर विद्यार्थी फक्त तीन.

हे काम किती अवघड होते, हे कळण्यासाठी अलिबागच्या इस्राएल आळीत जावे. तेथे 'मागेन आबोथ' हे सिनेगॉग आहे. प्रार्थनेची दिशा यरुशलेमची, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेची. त्या बाजूच्या कपाटात तोराच्या गुंडाळ्या असतात, चामड्यावर हाताने लिहिलेल्या. या गुंडाळीत व्यंजने तेवढी असतात, स्वरचिन्हे नसतात, आणि कोणता शब्द कोणत्या सुरात म्हणायचा याच्या खुणाही नसतात. आपल्यासमोर काना, मात्रा, वेलांट्या सगळ्या गाळून लिहिलेली ज्ञानेश्वरी ठेवली आणि भर सभेत ती चालीवर वाचायला सांगितली, तर काय होईल याची कल्पना करा! हे वाचन करणाऱ्या हज्जानाला आधी स्वरचिन्हे असलेल्या छापील पुस्तकावरून प्रत्येक आठवड्याचा भाग घोटून घ्यावा लागतो. एक अक्षर चुकले की ऐकणारा जाणता माणूस तेथल्या तेथे दुरुस्त करतो. शिकणारा हवाच, शिकवणारा हवा आणि चूक काढणाराही हवा. तिघांपैकी एक गेला की परंपरा लंगडी झाली.

हीच अडचण मुंबईत आली. कामधंद्यासाठी आणि कंपनीच्या पलटणींत भरती होऊन कोकणातली ही मंडळी मुंबईला गेली. मांडवीच्या ज्या रस्त्याला आज सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात, तेथे 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग बांधले. टिपूच्या कैदेतून सुटल्याबद्दल त्यांनी हा नवस फेडला, असे सांगतात. देऊळ झाले, पण आत वाचणार कोण? पुन्हा कोचीनकडे धाव घ्यावी लागली. तिकडून जे शिक्षक आले, त्यांत शलोमो सालेम शुर्राबी यांचे नाव आजही आदराने घेतात. त्यांचा पगार वर्षाला शंभर रुपये. वर्षाला बरे का, महिन्याला नव्हे! तेवढ्यात भागत नसे म्हणून ते पुस्तकबांधणीचे काम करीत. हातात दाभण असताना कोणी धर्मग्रंथातली शंका घेऊन आला, तर काम करता करता ते त्याला समजावून देत. 1856 मध्ये ते वारले. ज्या समाजाने त्यांना एवढे तुटपुंजे दिले, तो त्यांच्यामुळे वाचायला शिकला.

दुसरे शिक्षक आले ते अगदी निराळ्या हेतूने. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी मुंबईत आणि कोकणात शाळा काढल्या, त्यांत बेने इस्राएलांची मुले जाऊ लागली. डॉ. जॉन विल्सन यांनी तर 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. ही मुले ख्रिस्ती व्हावीत ही त्यांची इच्छा. मुलांनी व्याकरण घेतले, जुना करार घेतला, इंग्रजी घेतले आणि बहुतेक सगळी आपल्या घरी, आपल्या धर्मात परत आली. आली ती अधिक पक्की होऊन!

त्याच मिशनच्या शाळेत शिकून योसेफ यहेज्केल राजपूरकर (1834–1905) तयार झाले. 1856 मध्ये ते डेव्हिड ससून यांच्या शाळेत शिक्षक झाले, 1861 मध्ये मुख्याध्यापक, आणि पुढे चाळीस वर्षे त्याच खुर्चीत बसले. मुंबई विद्यापीठाने त्यांना हिब्रूचे परीक्षक नेमले. पण मराठीच्या माणसाने त्यांना नमस्कार करायचा तो त्यांच्या सुमारे वीस भाषांतरांसाठी. यहुद्यांच्या उपासनेची पुस्तके त्यांनी मराठीत आणली. गावातल्या ज्या हज्जानाला उच्चार येत पण अर्थ लागत नसे, त्याच्या हाती आता अर्थ आला. मिसरमधून सुटकेची कथा सांगणारी 'हग्गादा' मराठीसह 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात छापली गेली होती. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रांत बायका चक्क लुगडी नेसून सणाच्या भाकरीची तयारी करीत आहेत! अनाशीचे मडके का झाकायचे, याचे उत्तर घराघरांत पोचले ते असे. सुटकेच्या त्या सणात आंबवलेले काही खायचे नसते. आज्या नेमके तेच पाळीत आल्या होत्या. आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी 1880 च्या सुमारास कीर्तने सुरू झाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी साक्या-दिंड्यांत रंगू लागली. झांज, पेटी आणि तोरा यांचा असा संगम जगात दुसरीकडे कोठे झाला असेल, असे वाटत नाही.

आता माझगावला चला. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी 1875 मध्ये इस्रायलाइट स्कूल काढले. सरकारी अभ्यासक्रमाबरोबर हिब्रू आणि धर्म शिकवायचा, ही त्यामागची कल्पना. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने मदत केली, पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीवरून शाळेला त्यांचे नाव मिळाले. पण तिला खरा आकार दिला तो मिस रेबेका रूबेन यांनी. 1905 मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत ही मुलगी सबंध मुंबई विद्यापीठात पहिली आली. इंग्लंडात जाऊन तिने अध्यापनाचे शिक्षण घेतले. एवढ्या तयारीची बाई कोणत्याही मोठ्या जागी शोभली असती. तिने 1922 पासून 1950 पर्यंत माझगावची ही शाळा चालवली. राहबीने तीन पुरुष निवडले होते. स्वयंपाकघरात शतकानुशतके धर्म शिकवणाऱ्या बायकांतली एक अखेर मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर बसली, याला मी न्याय म्हणतो.

1948 मध्ये इस्राएल राष्ट्र झाले आणि आळ्या रिकाम्या होऊ लागल्या. 1950 च्या सुमारास भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. आज चार-पाच हजार, तेही बहुतेक मुंबई-ठाण्यात. कदूरी शाळेत आज बहुतेक मुले इतर धर्मांची आहेत. पहिल्यांदा गेले ते तरुण, म्हणजे उद्याचे हज्जान आणि शिक्षक. जाहीर प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातल्या काही सिनेगॉगांत तेवढे जमवणे हीच परीक्षा झाली आहे. तरीही काम थांबलेले नाही. ओर्टसारख्या संस्थांनी तरुणांना हातचे कसब दिले आणि धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले. काही जण इस्राएलला जाऊन शिकून येतात. रविवारी मुलांना जमवायचे, सुट्टीत शिबिरे भरवायची, त्यांतल्याच मोठ्या मुलामुलींना धाकट्यांचे शिक्षक करायचे, असा राहबीचाच क्रम पुन्हा चालू आहे. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये या समाजाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, ही चांगली गोष्ट झाली. पण सरकारी ठरावाने शाळेला हक्क मिळतो, शिक्षक मिळत नाही. तो घडवावा लागतो, आणि घडवायला एक पिढी लागते.

तिकडे लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोना या गावांत आणखी एक गंमत झाली आहे. गंमत म्हणावी की काय, कोण जाणे. तेथल्या मराठी मंडळींनी 'मायबोली' नावाचे त्रैमासिक चालवले, मराठी कार्यक्रम केले. पण त्यांच्या नातवंडांना हिब्रू सहज येते. सिनेगॉगातले वाचन, सणांची नावे, कशासाठी कोचीनकडे पाहावे लागत नाही. अडखळतात ती मुले मराठीपाशी. आजीचा 'दारफाळणीचा सण' त्यांना समजावून सांगावा लागतो. एके काळी नवगाव-अलिबागच्या मुलांना हिब्रूचा पंतोजी हवा होता. आता दिमोनाच्या मुलांना मराठीचा हवा आहे. आपल्या विद्यापीठांतून दर वर्षी मराठीचे एवढे एम्.ए. बाहेर पडतात. वर्षाला शंभर रुपयांवर, पुस्तके बांधता बांधता शिकवणारा एखादा शुर्राबी त्यांच्यातून निघाला, तर तिकडे त्याची वाट पाहणाऱ्या आज्या अजून आहेत.