चाकावरचं बिऱ्हाड

तीस वर्षं एकाच कारखान्यात काढून आम्ही तिघे निवृत्त झालो आणि १९९८ च्या ऑक्टोबरात मनालीला निघालो. आगगाडीने जाणं शहाणपणाचं होतं, म्हणून ते आधीच बाद झालं! आकुर्डीत जन्मलेली एक जुनी मॅटाडोर घेतली आणि भोसरीच्या एका शेडमध्ये तिची बाकं काढून झोपायला तीन फळ्या व एक स्टोव्ह बसवला. फिटर अण्णांनी फळ्यांची मापं अगदी सुतात घेतली. माझी उंची तेवढी विचारायची राहिली. धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, चंदीगड, सगळीकडे रात्री माझे पाय मागच्या दाराबाहेर.

निघालो गुरुवारी, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या रविवारी. नाशिक फाट्यावर म्हटलं, आता पोटभर गप्पा. चाकण येईस्तोवर त्या संपल्या! यंत्रांच्या खडखडाटात आम्ही जन्मभर हातवाऱ्यांनीच बोललेलो. दोन बोटं म्हणजे चहा, मानेवर हात म्हणजे साहेब आला.

प्रेसशॉपचे तात्या मात्र प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत. पराठा घेणार? हो. पुढचं चाक बसलंय की मागचं? हो.

मनालीच्या अलीकडे बियासच्या काठाला मुक्काम पडला. पाण्याच्या आवाजाने मला झोप येईना. बाहेर आलो, तर तात्या एकटेच दगडावर.

"काय रे," ते म्हणाले, "नदी लई वाजते का?"

प्रेसशॉपमध्ये कानात बोळे घालणाऱ्याला आम्हीच हसायचो. मी काय बोलणार? दोन बोटं वर केली.

तात्या हसले आणि स्टोव्ह पेटवायला उठले.