वेळोवेळी म्हणजे कितीदा?

आमच्या काळी ‘गाईड’ या शब्दाला दोनच अर्थ होते. एक म्हणजे देव आनंदचा १९६५ सालचा सिनेमा, आणि दुसरा म्हणजे पोरांच्या दप्तरात दडवलेलं तयार उत्तरांचं पुस्तक. ते सापडलं की आम्ही शिक्षक मंडळी ते जप्त करून कपाटात टाकायचो. शब्दाचा तिसरा अर्थ मला निवृत्तीनंतर कळला. पीएच.डी. करणाऱ्या मुलांच्या तोंडी तो दिवसातून दहादा असतो. “गाईड भेटले नाहीत.” “गाईड मीटिंगमध्ये आहेत.” “गाईडची सही तेवढी राहिलीय.” तर आजचं लिखाण या तिसऱ्या गाईडबद्दल.

मी स्वतः मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. पुढे बी.एड. आणि मग चौतीस वर्षं तालुक्याच्या गावी शाळेत मराठी आणि इतिहास. संशोधन कशाशी खातात हे सांगायचा मला काय अधिकार, असं कुणी म्हटलं तर मला राग येणार नाही. पण एक काम मी जन्मभर केलं आहे, ते म्हणजे वह्या तपासणं. आणि माझी अशी पक्की समजूत झाली आहे की पहिलीची वही काय आणि पीएच.डी.चा प्रबंध काय, काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच असतात.

मला सध्या एक छंद जडला आहे. ‘शोधगंगा’ नावाचा एक संग्रह इंटरनेटवर आहे. देशभरातल्या विद्यापीठांतले प्रबंध तिथे ठेवलेले असतात आणि घरबसल्या कुणालाही उघडून वाचता येतात. प्रबंधातलं मला सगळं कळतं असं नाही. पण ‘ऋणनिर्देश’ मात्र मी मन लावून वाचते. आईवडील, सासूसासरे, ग्रंथपाल, टंकलेखक, लहानग्या मुलाचे मानलेले आभार... दोन पानांत अख्खं घर दिसतं. आणि सगळ्यांच्या आधी असतात मार्गदर्शक. त्यांच्याविषयीचं वाक्य बहुतेक ठिकाणी ठरलेलं: “सरांनी वेळोवेळी केलेल्या अमूल्य मार्गदर्शनामुळेच...”

हे ‘वेळोवेळी’ वाचलं की माझ्यातली बाई जागी होते. वेळोवेळी म्हणजे कितीदा? आठवड्यातून एकदा? महिन्यातून? की नोंदणीच्या दिवशी एकदा आणि सबमिशनच्या दिवशी एकदा?

हा प्रश्न पडायला कारण आहे माझी एक जुनी विद्यार्थिनी. शेतकऱ्याची मुलगी. एम.ए. इतिहास, नेट पास, एका ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. लग्न झालेलं, एक मुलगी आहे. २०१९ साली तिने पीएच.डी.ला नोंदणी केली. विषय आठवडी बाजारांचा इतिहास. (कुठलं विद्यापीठ, कोण गाईड, ते इथे सांगत नाही. त्याची गरजही नाही.) त्यासाठी ती मोडी शिकली. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे ज्याला आपण पेशवे दफ्तर म्हणतो तिथे, सुट्टीत जाऊन बसायची. मध्ये करोनात सगळंच बंद. तरी रेटलं. २०२३ च्या जूनमध्ये तिने दुसरं प्रकरण, सत्तर पानं, गाईडच्या हाती दिलं.

गणपती गेले, दिवाळी गेली, संक्रांत गेली. फोन केला की “बघतो” हे उत्तर. २०२४ च्या फेब्रुवारीत पानं परत आली. पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात दोन शब्द होते: ‘भाषा सुधारा’. बाकीची एकोणसत्तर पानं कोरी.

त्या दिवशी ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, “बाई, शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. वाचल्याचं तरी कळलं असतं.”

तिने भाषा सुधारली. म्हणजे काय केलं, तर सत्तर पानं पुन्हा लिहून काढली. नक्की काय चुकलं ते माहीत नसेल तर माणूस सगळंच बदलतो. मुलांचंही तसंच असतं. नुसतं ‘नीट लिही’ असा शेरा मारला की पोरगं अक्षर मोठं काढतं, आणि चूक होती तिथेच राहते.

आणि खरी चूक भाषेत नव्हतीच! ती सापडली दफ्तरात, शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या एका वयस्क अभ्यासकांना. त्यांनी सहज म्हणून तिची दोन पानं वाचली आणि विचारलं, “ताई, सुहूर सनाचं इसवी सन करताना तुम्ही सगळीकडे ५९९ मिळवलेत का?” तिने तसंच केलं होतं. आता हे जरा समजावून सांगते. जुन्या मराठी कागदांत सुहूर सन असतो, आणि त्याचं वर्ष मृगाला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास बदलतं. त्यामुळे पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, आणि जानेवारीपासून पुढे मृगापर्यंतच्या कागदाला ६००. पानिपतची लढाई झाली त्या जानेवारीत सुहूर सन होता ११६१. त्यात ६०० मिळवले की १७६१ येतं, ५९९ मिळवले तर वर्ष चुकतं. तिचे माघ-फाल्गुनातल्या बाजारांचे सगळे आकडे असे एक वर्ष मागे सरकले होते.

पाच मिनिटांचं काम! ज्या दिवशी पानं हाती आली त्या आठवड्यात कुणी वाचली असती, तर त्या पाच मिनिटांत पोरीचं दीड वर्ष वाचलं असतं. मला गाईडच्या विद्वत्तेबद्दल शंका नाही. त्यांना सुहूर सन नक्कीच ठाऊक असणार. पण ठाऊक असणं आणि वाचणं यात फरक आहे. न उघडलेल्या वहीला विद्वान मास्तरांचा काय उपयोग?

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. विद्यापीठातल्या मास्तरांना मी खलनायक करणार नाही. मी साठ मुलांच्या वर्गाच्या वह्या तपासल्या, पण त्या दोन-दोन पानांच्या निबंधाच्या होत्या. प्रबंधाचं एक प्रकरण वाचायला दोन दिवस मोडतात. त्यात नॅकच्या फायली, परीक्षेची कामं, समित्या. शिवाय प्राध्यापकांच्या कितीतरी जागा रिकाम्या, त्यांची कामं तासिका तत्त्वावरच्या मुलांवर. आणि गंमत अशी की गाईड व्हायला मात्र कायम नोकरी लागते. म्हणजे जागा भरल्या नाहीत की गाईड कमी होतात, आणि आहेत त्यांच्याभोवती रांग वाढते.

सरकारी नियम मी मुद्दाम वाचून काढले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पीएच.डी.चे नवे नियम काढले. त्यात प्रोफेसरला एका वेळी जास्तीत जास्त ८ विद्यार्थी, असोसिएट प्रोफेसरला ६, असिस्टंट प्रोफेसरला ४ अशी मर्यादा आहे. मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, वर दोन वर्षं वाढवून मिळतात, आणि स्त्रियांना आणखी दोन. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांची रजा. दर सत्राला सल्लागार समितीपुढे उभं राहून काय काम झालं ते सांगायचं. ज्या मास्तरांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ राहिला, त्यांनी नवा विद्यार्थी घ्यायचा नाही. वाचून बरं वाटलं. विचार करून केलेले नियम आहेत.

पण एक गोष्ट मला त्यात सापडली नाही. एका गाईडकडे किती विद्यार्थी, हे मोजलं आहे. विद्यार्थ्याला किती वर्षं, हेही मोजलं आहे. गाईडने दिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत करायचं, हे कुठेच नाही! आठ विद्यार्थी असले आणि प्रत्येकाला पंधरा दिवसांनी एक तास दिला, तर महिन्याचे सोळा तास होतात. वाचायचा वेळ वेगळा धरा. अवघड आहे, पण अशक्य नाही.

तुम्ही म्हणाल, मग मुलं तक्रार का करत नाहीत? याचं उत्तर एका शब्दात आहे. सही. सहामाही अहवालावर गाईडची सही, फेलोशिपच्या कागदावर गाईडची सही, शेवटी प्रबंध जमा करताना ‘हे काम मूळ आहे’ या प्रमाणपत्रावरही गाईडचीच सही. ज्युनियर रिसर्च फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. ज्याचं घर त्यावर चालतं तो मुलगा कशाला तोंड उघडेल? गाईड बदलता येतो म्हणतात, कागदोपत्री येतोही. पण त्याच विभागात, त्याच कॉरिडॉरमध्ये पुढची चार वर्षं वावरायचं असतं. गावात राहून पाटलाशी वैर कोण घेणार?

चांगले गाईड आपल्याकडे झाले नाहीत असं नाही हं. मालवणात जन्मलेले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचंच बघा. ते केंब्रिजला डॉ. रिव्हर्स यांच्याकडे संशोधन करत होते. १९२२ साली रिव्हर्स अचानक वारले. परक्या मुलखात गाईडच गेले! पण तिथल्या डॉ. हॅडन यांनी या विद्यार्थ्याला आपल्याकडे घेतलं आणि काम पुरं झालं. पुढे १९२४ पासून १९५९ पर्यंत घुर्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख होते. एम. एन. श्रीनिवास त्यांचे विद्यार्थी, आणि कट्टर मार्क्सवादी अ. र. देसाईही त्यांचेच. देसाईंची मतं घुर्यांच्या मतांशी जुळणारी नव्हती, तरी प्रबंध झाला. मला यात मोठेपणा दिसतो.

इरावतीबाई कर्वेही आधी घुर्यांच्याच विद्यार्थिनी. नंतर त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे गेल्या. विषय होता माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतला फरक. गोऱ्यांच्या आणि इतरांच्या कवट्यांत भेद सापडावा अशी गुरूंची अपेक्षा होती. बाईंनी कवट्या मोजल्या, तसा भेद सापडला नाही, आणि सापडला नाही असंच त्यांनी लिहिलं. तरी पदवी मिळाली. फिशर माणूस काय विचारांचा होता ते पुढे नाझी राजवटीत जगाला कळलंच. पण असल्या माणसानेही विद्यार्थिनीचं काम अडवून ठेवलं नाही, एवढं मी लक्षात ठेवते.

मला विचाराल तर उपाय फार साधा आहे. शाळेत आमची टाचण वही असायची. आज काय शिकवणार, काय शिकवलं, काय राहिलं, आणि मुख्याध्यापकांची सही. कंटाळा यायचा, पण त्या वहीमुळे गाडी रुळावर राहायची. तशी एक साधी दोनशे पानी वही प्रत्येक गाईड-विद्यार्थ्याच्या जोडीला द्यावी. भेटीची तारीख, कोणतं प्रकरण दिलं, काय सांगितलं, परत कधी मिळणार, पुढची भेट कधी. खाली दोघांच्या सह्या. आत्तापर्यंत सही फक्त एकाची लागत होती, ती दोघांची होईल. सल्लागार समितीने दर सत्राला आधी ती वही बघावी आणि मग विद्यार्थ्याला प्रश्न विचारावेत. ‘वेळोवेळी’ म्हणजे कितीदा, ते आपोआप कळेल.

माझ्या विद्यार्थिनीची सहा वर्षांची मुदत २०२५ मध्ये संपली, आता ती वाढीव काळावर आहे. सनांचे आकडे तिने सगळे दुरुस्त केले. चौथं प्रकरण चालू आहे. दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी ती मला फोन करते आणि चार पानं वाचून दाखवते. त्यातलं शास्त्र मला कळत नाही. मी आपली शाळेतले प्रश्न विचारते: हा बाजार भरायचा कुठे? जकात कोण गोळा करायचं? पाऊस आला तर काय करायचे? कधी तिला उत्तर येतं, कधी येत नाही. नाही आलं की ती म्हणते, “बघते बाई,” आणि पुढच्या खेपेला खरंच बघून येते.

गाईड सुधारणं आपल्या हातात नाही. पण तुमच्या घरात, शेजारात असं एखादं संशोधन करणारं पोर असेलच. सासरचे, माहेरचे, लग्नात भेटलेले काका, सगळे त्याला एकच विचारतात, “कधी संपणार तुझं पीएच.डी.?” ते उत्तर त्याच्याकडे नसतं. त्यापेक्षा विचारा, “सध्या काय सापडलं रे?”

आणि मग अर्धा तास जरा निवांत बसा. ते बराच वेळ बोलणार आहे.